कारवीच्या खोऱ्यातली श्रीमंती

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. घरात पैसा आला, तर सगळ्यात लहान लेकराला त्याचं सुख आधी मिळायला हवं की नको? हवं ना? थांबा, इतक्यात माना डोलावू नका — फसाल!

एक होता राजा, विजयकेतू. राज्य डोंगराळ, दरिद्री. मोठ्या राज्यांनी मिळून एक निधी काढला होता — गरीब राज्यांतल्या लेकरांना लस फुकट! आता तुम्ही म्हणाल, बुवा, राजाच्या काळी लस कुठली? अहो, आख्यान माझं, लस मी घालणार! निधीचा नियम साधा. राज्याचं सगळं उत्पन्न घ्या, माणसांच्या संख्येनं भागा. आकडा रेषेखाली असेल तर मदत. रेषेवर गेला, की मदत वर्षागणिक कमी आणि तेवढा भार राजाच्या खजिन्यावर.

आणि राज्यात तांब्याची खाण सापडली! कुणाला? राजाच्या दोन मेव्हण्यांना! बाकी प्रजा नाचणीची पेजच पीत होती. पण भागाकार मोठा उदार हो — मेव्हण्यांचं तांबं त्यानं पेज पिणाऱ्यांच्याही नावावर मांडलं. आकडा गेला रेषेच्या वर.

निधीचं पत्र आलं: आता थोडा वाटा तुम्ही उचला. राजा काय म्हणाला? "म्हणजे आपण श्रीमंत झालो! हत्तीवरून साखर वाटा!" वाटली साखर. दुसऱ्या वर्षी पत्र आलं — राजानं वेशीवर कमान उभारली. तिसऱ्या वर्षी पत्र आलं — कमानीला सोन्याचा मुलामा! खजिन्यातून वाटा मात्र एकदाही भरला नाही. चौथ्या वर्षी पत्र नाही, आणि लसही नाही.

मग दरबारात आली भिवरा, कारवीच्या खोऱ्यातली म्हातारी सुईण.

राजा हसून म्हणाला, "ये मावशी! साखर मिळाली ना?"

"मिळाली जी. नातीच्या हातावर ठिवली व्हती."

"मग?"

"तिला गोवर निघाला. खोऱ्यातल्या अकरा पोरांना निघाला. सुई टोचणाऱ्या बाई आल्याच न्हाईत. इचारलं, तर म्हनाल्या, तुमचं राज्य आता श्रीमंत झालं." म्हातारीनं हात जोडले. "म्हाराज, आमी कवा श्रीमंत झालो, तेवढं सांगा. पोरगी गेली. तिच्या आईला काय सांगू?"

मंडळी, नियमाला पेज दिसत नव्हती, खरं आहे. पण राजाला तर दिसत होती! तीन पत्रं आली होती. राजा सिंहासनावरून उतरला, म्हातारीच्या पायांशी बसला. शरमेनं त्याला वर बघवेना. दुसऱ्या दिवशी कमानीचा मुलामा खरवडला, लस आणली. भिवराची नात मात्र गेली ती गेलीच.

हसलात ना राजाला? मीही हसायचो. आता हे आख्यान सांगताना मला लाज वाटते.

गेल्या महिन्यात आपल्या नर्स सुलभाताई लशीचा डबा खांद्याला लावून माझ्या दारात आल्या. "बुवा, ओढ्यापलीकडच्या वाडीत जायचंय. आपलं गाव सधन यादीत गेलं, दवाखान्याची गाडी बंद झाली. तुमची मिळेल का?" गाडी दारात उभी होती, मंडळी! आणि मी, रोज तुम्हाला दयाधर्म सांगणारा, काय म्हणालो? "ताई, सीटला नवी कव्हरं घातलीत, वाडीचा रस्ता चिखलाचा..." ताई पायी गेल्या. पोचेपर्यंत डब्यातला बर्फ वितळला, लस वाया गेली. सहा लेकरं तशीच राहिली.

पेटीवाले, थांबा जरा. टाळ्या नकोत. बुधवारी सकाळी आठ वाजता माझी गाडी देवळापुढे उभी राहील. आणखी कुणाच्या दारात गाडी आहे, ते ज्याचं त्याला ठाऊक. सुलभाताईंना एवढाच निरोप द्या, की पुढच्या सीटवर बसा. वाटेत मी काही बोलणार नाही. बोलायला मला तोंड उरलेलं नाही.