पाटीवरचं नाव

"आत्याबाई, सरका ना जराशा. कोपर टोचून राह्यलं."

"मंग कायले आणलं मले?"

आपली पाटी न्यायला आलेल्या लिलाबाई वाशीमच्या पेंटरच्या बाकावर अंग चोरून बसल्या. शेजारच्या या सासू-सुनेचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"अकोल्यात त्या बाईनं सोताचं रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकलं. तिच्यापाशीच शिकली ना मी? आता मी बी टाकतो."

"बाईच्या हाती लोकं रेडिओ देतीन का?"

"तिले देतेत."

"माह्या पोराले मुंबईहून येऊ दे, मंग टाक."

"दर दिवाळीले हेच म्हणता तुमी."

पेंटरनं ब्रश बुडवला. "पाटीवर नाव काय टाकू? मालकाचं?"

सुनेनं सासूकडे पाहिलं.

"नवऱ्याचं नाव त्या घेत नसतीन. आजी, तुमीच सांगा."

"शालिकराम..."

"शालिकराम रेडिओ?"

"नाही बापा. तो काही येत नाही आता. माह्या सुनेचंच नाव लिहा, भागिरथा."