पोळ्यासकट मध

गुलरीझ : ...नाही होजा, तुम्ही प्राध्यापक माणूस, तुमची तक्रार आम्ही वाचलीच नाही असं कृपा करून समजू नका. वाचली. सातही पानं. तळटिपांसकट.

वेजिही : मग तिसऱ्या पानावरच्या प्रश्नाला उत्तर का मिळालं नाही, एवढंच कुतूहल आहे. रागावलेलो नाही. ‘सर्व समाविष्ट’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात मी इथे सहा दिवस घालवले. हॉटेलच्या पत्रकातल्या खिडकीतून समुद्र दिसतो, आमच्या खिडकीतून जनित्र दिसतं. दोन्ही रात्रंदिवस गर्जना करतात, हे साम्य मी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

मुअल्ला : अहो, जनित्राचं जाऊ द्या आता. एक वाजता विमानतळाची बस आहे.

वेजिही : आणि चहा. अंताल्याच्या किनाऱ्यावर, तुर्कांच्या देशात, यंत्राचं बटण दाबून कागदाच्या कपात चहा. मी अंकाऱ्यात चाळीस वर्षं कायद्याचा इतिहास शिकवला. साम्राज्यं कोणत्या पायऱ्यांनी उतरतात हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. कागदी कपाची पायरी माझ्या टिपणांत नव्हती.

गुलरीझ : चहा माझ्या विभागात येत नाही, होजा. मी पाहुण्यांच्या तक्रारी बघते. तुम्हाला दोघांना बोलावलं ते फक्त एका सहीसाठी. तुमच्या तक्रारीवर कारवाई झाली आहे आणि ती तुम्हाला मान्य आहे, एवढंच लिहिलंय. इथे, खाली.

वेजिही : कारवाई? या वास्तूत? मला उत्सुकता वाटू लागली आहे. कशावर झाली? जनित्रावर?

गुलरीझ : चोरीवर. चोर सापडला.

वेजिही : कसला चोर?

गुलरीझ : मधाचा. तुम्हीच लिहिलं होतंत, वाचून दाखवते. ‘पत्रकाच्या मुखपृष्ठावर झळकणारा पोळ्यासकट मध न्याहारीच्या मेजावर चार दिवसांत एकदाही अवतरलेला नाही. तो कोणाच्या घरी जातो याचा शोध घेणे हे इतिहासकाराइतकेच व्यवस्थापनाचेही कर्तव्य ठरावे.’

वेजिही : वाक्य बरं उतरलं आहे. पण त्यात चोर कुठे आहे?

गुलरीझ : आमच्या संगणकात तक्रारीला पाच रकाने आहेत. खोली, अन्न, स्वच्छता, आवाज, चोरी. सात पानं कुठल्या तरी रकान्यात घालावीच लागतात. ‘कोणाच्या घरी जातो’ म्हटल्यावर मी चोरीत घातली. दुसऱ्या दिवसापासून पहारेकरी कामगारांच्या फाटकावर पिशव्या उघडून बघायला लागले. काल संध्याकाळी एका पिशवीत सापडलं.

वेजिही : मुली, मी मालकाविषयी लिहिलं होतं.

गुलरीझ : मालकांची गाडी पुढच्या फाटकानं जाते, होजा. तिथे पिशव्या बघत नाहीत.

मुअल्ला : कुणाच्या पिशवीत सापडलं?

गुलरीझ : नाव सांगायची परवानगी नाही, हानम.

मुअल्ला : बाई की पुरुष, ते तरी?

गुलरीझ : बाई. खोल्या आवरणारी.

मुअल्ला : ताटलीत होतं का? निळ्या काठाची ताटली. काठाला एका ठिकाणी टवका उडालेला.

गुलरीझ : ...हानम, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मुअल्ला : सांगायचंय काय त्यात. मीच भरून दिली ती. उम्मुहानची ताटली आहे. अहो, ऐकताय ना? आपली उम्मुहान. आपली खोली आवरते ती.

वेजिही : ऐकतो आहे. ऐकून रांगेत लावतो आहे. तिची ताटली आपल्या खोलीत कशी आली?

मुअल्ला : तुम्ही सकाळी त्या दिवाणखान्यात पुस्तक घेऊन बसता ना, तेव्हा ती यायची. मी तिला चादरी घडी करायला हात लावायची. एकटीनं चादर ओढायची म्हणजे कंबर जाते. बोलता बोलता म्हटलं, इथलं बोरेक म्हणजे पुठ्ठा आहे, पालक घातलेला. दुसऱ्या दिवशी ती घरून घेऊन आली. पहाटे उठून एकेक पापुद्रा लाटून भाजलेलं. फडक्यात बांधलेलं, तेव्हाही कोमट होतं.

वेजिही : मंगळवारचं बोरेक? ते या हॉटेलचं नव्हतं?

मुअल्ला : तुम्ही तीन तुकडे खाल्लेत आणि म्हणालात, ‘चला, एक तरी गोष्ट पत्रकाबाहेरची निघाली.’

वेजिही : म्हणजे निरीक्षण अचूक होतं, निष्कर्ष तेवढा अज्ञानातून निघाला. पुढे?

मुअल्ला : पुढे काय. ताटली रिकामी कशी परत करणार? पोरी, तू सांग, तुझी आई कुणाची ताटली रिकामी पाठवते का?

गुलरीझ : आई नाही पाठवत. आजी तर, घरात काहीच नसलं तर त्यात बागेतली दोन लिंबं ठेवायची.

मुअल्ला : माझ्याकडे इथे बाग कुठली? चूल कुठली? हवं ते खा म्हणून मनगटाला हा हॉटेलचा पट्टा बांधलाय आणि खाली तेरा प्रकारची ऑलिव्हं मांडलीयत. जे समोर होतं त्यातून भरली. थोडं चीज, सुके अंजीर, आणि मधाचं पोळं. तिच्या धाकटीला खोकला झालाय म्हणाली होती.

वेजिही : थांब. मधाचं पोळं तुला कुठे मिळालं?

मुअल्ला : न्याहारीला.

वेजिही : न्याहारीला पोळं नसतं. चौथ्या पानावर मी त्याची सविस्तर चर्चा केली आहे.

मुअल्ला : सातला असतं. अख्खी चौकट उभी करून ठेवतात, खाली मध ठिबकत असतो. आठला संपतं. तुम्ही नऊला जाता.

वेजिही : आणि हे तुला कधीपासून ठाऊक आहे?

मुअल्ला : दुसऱ्या दिवसापासून.

वेजिही : माझा लेख चौथ्या दिवशीचा आहे, मुअल्ला.

मुअल्ला : तुम्हाला किती दिवसांनी लिहायला काही सापडलं होतं. टेबलाशी बसून हसत होतात स्वतःशीच. निवृत्त झाल्यापासून असं बघितलं नव्हतं. वाटलं, लिहू दे. कोण वाचतंय.

वेजिही : कोण वाचतंय. हं. मुली, ही बाई आता कुठे आहे?

गुलरीझ : पहारेकऱ्यांच्या खोलीत. पहाटे कामावर आली, तेव्हापासून बसवून ठेवलंय. बाराला कामगार विभागाचे साहेब येतात, ते कागदावर शिक्का मारतील. साडेअकरा झालेत.

वेजिही : मग प्रश्न सोपा आहे. साक्षीदार हजर आहे. माझी पत्नी लिहून देईल की पदार्थ तिने स्वखुशीने दिला. देणारा पाहुणा, पाहुण्याला सर्व समाविष्ट. चोरी उरतेच कुठे?

गुलरीझ : चोरी नाही उरत. नोकरीही नाही उरत. ‘पाहुण्याकडून खाण्याची वस्तू स्वीकारणे’, चोरीच्या खालचीच ओळ आहे. दोन्हीला शिक्षा एकच.

वेजिही : कुतूहल म्हणून विचारतो, रात्री अकराला मेजावर जे उरतं, त्याचं काय करता?

गुलरीझ : फेकतात.

वेजिही : कसं?

गुलरीझ : काळ्या पिशव्यांत. वरून फिनेल ओततात. कुणी काढून खाऊ नये म्हणून.

वेजिही : हे पत्रकात नाही.

गुलरीझ : नाही, होजा.

वेजिही : मी अनेक संहिता वाचल्या आहेत. भाकरी चोरणाऱ्याचे हात तोडणाऱ्याही वाचल्या. पण भाकरीवर विष ओतून मग तिचं रक्षण करणारी संहिता... असो. त्या बाईने काय सांगितलं? मुअल्लाने दिलं असं सांगितलं असेल तर तिचाच जबाब—

गुलरीझ : तिनं लिहून दिलंय की मी स्वतः घेतलं. न्याहारीच्या मेजावरून. कुणी बघत नसताना.

मुअल्ला : काय?

गुलरीझ : अंगठा नाही, सही आहे. मी बघितली. अक्षर जरा मोठं आहे, शाळेतल्यासारखं.

वेजिही : पण हे असत्य आहे. माणूस स्वतःविरुद्ध असत्य का लिहून देतो? छळ झाला का? धमकी?

गुलरीझ : तसं काही नाही. तुमच्या दाराच्या मागे नियमांची पाटी आहे ना, होजा? नववा नियम. ‘भोजनगृहातून अन्न बाहेर नेणाऱ्या पाहुण्याचा पट्टा कापण्यात येईल व त्याने खोली तात्काळ सोडावी.’

वेजिही : ती पाटी मी वाचली आहे. तिच्यात व्याकरणाच्या दोन चुका आहेत.

गुलरीझ : खरं सांगायचं तर गेल्या आठ वर्षांत कुणाचाही पट्टा कापलेला नाही. पण खोल्या आवरणाऱ्यांना ते कोण सांगतं? त्या ती पाटी रोज पुसतात. पहारेकऱ्यांनी विचारलं, कुणी दिलं? तर म्हणाली, कुणी नाही.

मुअल्ला : तिनं मला विचारलं होतं. ताटली हातात घेताना. ‘मावशी, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही ना?’ मी म्हटलं, मला कोण बोलणार, बये. आणि मी हसले. हसले मी.

वेजिही : म्हणजे आपल्याला एक दिवस आधी खोली सोडावी लागू नये म्हणून तिने...

मुअल्ला : तुमच्या जनित्राच्या खोलीसाठी. हो.

गुलरीझ : पाणी देऊ का, मावशी?

मुअल्ला : नको. पाणी नको. रस्ता सांग. तुला इथे आठ वर्षं झाली. खाण्याची वस्तू हातात घेऊन कामवाली बाई फाटकापर्यंत जाऊ शकते, असं कधी होतं का? कुठल्याही कारणानं?

गुलरीझ : एकाच. पाहुण्यानं काम सांगितलं असेल तर. सामान गाडीत ठेव, हे अमक्याला नेऊन दे. पाहुण्यानं सांगितलेलं काम टाळणं हाही गुन्हाच आहे.

मुअल्ला : झालं तर मग. अहो, लिहा. ताटली आमची. आम्ही घरून आणलेली. उम्मुहानला आम्ही सांगितलं की ती फाटकावर नेऊन दे, तिथे आमचा माणूस घ्यायला येणार होता.

वेजिही : कोणता माणूस?

मुअल्ला : असेल कुणी. तुमचा जुना विद्यार्थी. अंताल्यात तुमचे विद्यार्थी काय कमी आहेत? निम्मी न्यायालयं भरलीयत.

वेजिही : मुअल्ला, चाळीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट शिकवली. साक्ष खोटी असली की तिच्यावर उभा राहिलेला न्यायही कधीतरी—

मुअल्ला : तिला ठाऊक होतं का, तुम्ही काय शिकवता?

वेजिही : ...नाही.

मुअल्ला : तिनं मग काय केलं?

वेजिही : मुली, तू हे सगळं ऐकते आहेस.

गुलरीझ : मी पाहुण्यांचं बोलणं ऐकत नाही, होजा. मी संगणकात बघतेय. कोरा कागद तुमच्या उजव्या हाताला आहे. आणि लिहिलंत तर लहान लिहा. साहेब एका पानाच्या पुढे जात नाहीत.

वेजिही : तारीख आज कोणती?

मुअल्ला : एकोणीस.

वेजिही : ‘खाली सही करणारा मी, वेजिही...’ ताटलीच्या काठाचा रंग निळा म्हणालीस?

मुअल्ला : निळा. टवका लिहू नका. नाही, लिहा. आपलीच असेल तर आपल्याला टवका ठाऊक असणारच.

वेजिही : ‘...काठास एके ठिकाणी टवका.’ खोट्या जबाबात तपशील नेहमी जास्त असतो, हे मी परीक्षेत विचारत असे. आणि तिच्या त्या कागदाचं काय? तिने तर स्वतः घेतलं म्हटलं आहे.

गुलरीझ : घाबरून गोंधळली, असं लिहा. कामवाल्या बायका गोंधळतात यावर साहेबांचा लगेच विश्वास बसतो.

वेजिही : तेही माझ्या हातानं लिहायचं.

गुलरीझ : हो, होजा.

वेजिही : ‘...सदर महिला भीतीने गोंधळली असावी.’ इथे आलेल्या सगळ्यांत न गोंधळलेली तीच एक. घे. आणि ती कारवाई मान्य असल्याची सही?

गुलरीझ : तो कागद मी फाडते. तक्रार मागे घेतल्याची एक ओळ मात्र लागेल. ‘मध होता. मी उशिरा उठलो.’

मुअल्ला : हे तरी खरं आहे.

(गुलरीझ कागद घेऊन आत जाते; काचेपलीकडे तिचं फोनवर बोलणं दिसतं, ऐकू येत नाही. बस येते, थांबते, निघून जाते. गुलरीझ परत येते.)

गुलरीझ : तुमची बस गेली. मी दुसरी गाडी सांगते.

मुअल्ला : तिचं सांग.

गुलरीझ : काढत नाहीत. साहेबांनी तुमचा कागद वाचला. ‘प्राध्यापक’ या शब्दापाशी जरा थांबले. पण खोल्यांवर ठेवणार नाहीत, पाहुण्यांशी फार बोलते म्हणाले. धुलाईत टाकलंय.

वेजिही : धुलाई कुठे आहे?

गुलरीझ : तळघरात. तिथे पाहुण्यांना जाता येत नाही.

वेजिही : खिडकी आहे?

गुलरीझ : यंत्रं आहेत.

मुअल्ला : ताटली दिली तिला परत?

गुलरीझ : ताटली तुमची आहे ना, मावशी? कागदावर तसंच आहे. इथेच पाठवतायत, तुमच्यासाठी बांधून.

मुअल्ला : ...हो. आमचीच.

वेजिही : ती काही म्हणाली का? आमच्यासाठी?

गुलरीझ : एकच. म्हणाली, होजांना सांगा, आता आणखी काही लिहू नका.

वेजिही : बरं. मुअल्ला, माझ्या पेनाचं टोपण दिसत नाही.

मुअल्ला : तुमच्या हातात आहे.