कोरसवाल्याची नात

कुठून सुरू करू ताई, माझं नाव प्रज्ञा रामटेके, जन्म नागपूरचा, पण मी तिसरीत असताना पप्पांना इथे वन-नॉर्थला रिसर्चच्या ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही बोऱ्याबिस्तर घेऊन सिंगापूरला आलो, तेव्हापासून हेच सेंगकांग, हाच ब्लॉक, हाच फ्लॅट. माझं बोलणं ऐकून आमच्या ब्लॉकमधल्या पुण्याच्या काकू हसतात, म्हणतात इतकी वर्षं झाली तरी तुझं नागपूर सुटत नाही, सारखं आपलं जाऊन राहिली, येऊन राहिली. आता घरात आई जसं बोलते तसंच मला येईल ना, शाळेत कोण बसलं होतं मला मराठी शिकवायला. आणि मग मधली वर्षं कोरियात गेली, तिथे मराठी मी फक्त स्वतःशी बोलायची, तेही शिव्या द्यायला.

हाव, कोरियात. त्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरींच्या ग्रुपमध्ये होते मी. तुम्ही लिहून घ्या बिनधास्त, हसू नका, सगळ्यांना पहिल्यांदा वाटतं की ही फेकून राहिली.

माझी एक मैत्रीण होती ज्युनिअर कॉलेजात, हुई मिन, वेड तिला होतं, मला नव्हतं. एका कोरियन कंपनीची ऑडिशन होती इथे हॉटेलच्या हॉलमध्ये, मला तिने नेलं बॅग सांभाळायला. आतून नंबर पुकारले तर ती म्हणाली तू पण जा, जस्ट गो इन लाह, एवढं रांगेत उभी राहिलीस तर फुकट कशाला जायचं. हे लाह म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट. आता मला कोरियन गाणं कुठलं यायला, मी आपलं जयंतीच्या कार्यक्रमात म्हणायची ते गाणं म्हटलं, एक हात कानावर, एक हात वर, आणि माईक खाली ठेवून दिला. काय सांगू तुम्हाला, आमच्या नागपूरच्या वस्तीत माईक कधी बंद पडेल त्याचा नेम नसायचा, त्यामुळे माईकच्या भरवशावर गायची सवयच नाही ना आम्हाला. समोर तिघं बसले होते, ते खुर्चीसकट मागे सरकले. आणि हुई मिनला नाही घेतलं बाप्पा, मला घेतलं. ती कितीतरी महिने माझ्याशी बोलली नाही, आता इन्शुरन्स विकते आणि मलाच एक पॉलिसी गळ्यात मारली.

घरी आईने उड्या मारल्या. आमचे पप्पा असे की जेवणात मीठ जास्त झालं तरी पाणी पिऊन घेतील, बोलणार नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, गाण्यावर पोट भरत नाही. आई म्हणाली जाऊ द्या ना हो, वर्षभरात हौस फिटेल. हौस कसली फिटते, तिथे गेल्यावर मीच झिजले.

लोकांना वाटतं नुसते कपडे घालायचे आणि नाचायचं. अहो, ती फॅक्टरी आहे फॅक्टरी. सकाळी उठलं की वजनकाटा, मग भाषा, मग नाच, मग गाणं, मग परत नाच, मग परत वजनकाटा. मधल्या वेळात रताळं. रताळं आपल्याकडे उपासाला खातात म्हणून पुण्याच्या काकूंनी मला एकदा विचारलं की कोरियात पण एकादशी असते का. आणि वाकायचं! जो दिसेल त्याला कमरेत वाकून नमस्कार, दिग्दर्शकाला, ड्रायव्हरला, सफाईवाल्या मावशीला, एकदा मी घाईत पाण्याच्या मशीनला वाकले होते, खोटं नाही सांगत.

माझं नाव त्यांना म्हणता येईना. प्रज्ञा म्हणायला गेले की त्यांची जीभ कुठेतरी अडकायची. मग कंपनीने नाव ठेवलं दाल, म्हणजे त्यांच्या भाषेत चंद्र. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, काहून व, इतकी उपाशी ठेवतात आणि नाव वरणाचं ठेवतात? तेव्हापासून ती दर महिन्याला डब्यात सावजीचा मसाला पाठवायची. मॅनेजर तो जप्त करायचा, नियमच होता. पण एक दिवस मी पाहिलं, तो स्वतःच आपल्या नूडल्सवर टाकून खात होता, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी परत टाकून राहिला होता.

माझी खरी अडचण होती आवाज. आपल्याकडे म्हणतात आवाज उघडा पाहिजे, तिथली गाणं शिकवणारी बाई म्हणायची हवा, हवा, गाण्यात हवा हवी, कानाजवळ गुपित सांगितल्यासारखं गा. मी गुपित सांगायला गेले तरी ते शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. मग काय, ग्रुप निघाला तेव्हा आम्ही नऊ जणी, आणि मी सगळ्यांत मागे, डाव्या टोकाला. मधे सो-यॉन, ती गोरी, नाजूक, तिचा आवाज म्हणजे नुसती फुंकर. आणि माझ्या वाट्याला प्रत्येक गाण्यात ओ ओ. मागे सगळ्या मिळून ओ ओ करायचं, त्यातला एक ओ माझा.

आई मात्र इथे सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती की प्रज्ञा मेन सिंगर आहे. व्हिडिओ आला की ती तो थांबवत थांबवत बघायची, मला फोन करायची, हे कोपर तुझंच ना? मग त्या कोपराभोवती लाल गोल काढून मराठी काकूंच्या ग्रुपवर टाकायची. आणि काकू पण काय एकेक, किती छान दिसतेय म्हणून उत्तर द्यायच्या.

पासपोर्टच्या कामाला मी एकदा घरी आले होते, तेव्हा पप्पांनी तो व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. एकदा पाहिला, परत पाहिला, मशीनचं ड्रॉइंग तपासतात तसा. मग विचारलं, तू कुठे गातेस? मी दाखवलं, हे बघा, इथे, ओ ओ. ते म्हणाले, म्हणजे कोरस.

एवढंच बोलले, पण ताई, आमच्या घरात तो साधा शब्द नाही. कारण माझे आजोबा, पप्पांचे वडील, जन्मभर गायन पार्टीत कोरसला होते. गावोगावी फिरायचे, मुख्य गायकाच्या मागे बसून टाळ्या वाजवायच्या आणि त्याची ओळ उचलायची. पोस्टरवर कधी नाव नाही, कार्यक्रमात कधी नाव नाही. पप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की लहानपणी ते पुढे बसून वाट बघायचे, आज तरी बाबांना एकट्याला गायला देतील, आणि तसं कधी झालं नाही. म्हणाले, मी एवढ्या लांब आलो ते माझ्या पोरीने परत मागे उभं राहावं म्हणून नाही. हे वर्ष संपलं की घरी ये आणि डिप्लोमा कर. मी म्हटलं पप्पा, आमचा सिंगापूरला शो होणार आहे, तेव्हा तरी या. ते म्हणाले कोरस ऐकायला मी येणार नाही, आधीच पोटभर ऐकलाय. तुझी स्वतःची ओळ असेल तर येतो.

आता ओळ काय झाडाला लागते? मी तिथे जाऊन दिग्दर्शकाच्या दारात उभी राहिले, वाकले, म्हटलं सिंगापूरपुरती एक ओळ द्या. तिथे असं कोणी मागत नाही, वयाने लहान असलेल्याने तर नाहीच. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही मी त्याची खुर्चीच मागितली. नाही म्हणाला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, खूप रडले, आणि मग नाचायला गेले.

पण आमच्या आईला कमी समजू नका. तिने इथे सेंगकांगपासून सुरुवात केली ती सगळ्या मराठी लोकांना तिकिटं काढायला लावली. आमची बौद्ध मंडळी, पुण्याचे आयटीवाले, त्यांच्या गावाहून आलेल्या सासवा, कोणाला सोडलं नाही. बिचारे एक काका म्हणाले मला कानाचं ऑपरेशन आहे, तर आई म्हणाली मग तर तुम्हाला चांगलंच ऐकू येईल. तिकडे कंपनीला कळेना की ही एवढी तिकिटं सेंगकांगच्या मध्यमवयीन बायका काहून घेऊन राहिल्या. मॅनेजरने येऊन मला विचारलं, दाल, तुझे तिथे इतके फॅन आहेत? मी म्हटलं हो. दुसऱ्या दिवशी मला ओळ मिळाली. इतकी वर्षं नाचून मिळाली नाही, ती आईच्या भिडेने मिळाली.

शो रविवारी दुपारी होता. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, पुढच्या रांगांत नुसत्या पैठण्या आणि पांढऱ्या साड्या, मागे रंगीत केसांची पोरं. काकूंचा चिवडा दारातच काढून घेतला होता म्हणून त्या तणतणत होत्या. आणि पप्पा अगदी कडेला, ऑफिसचा शर्ट इन केलेला, हाताची घडी. मला नंतर कळलं की त्यांनी सगळ्यांना दम भरला होता, पोरीच्या ओळीला कोणी टाळी वाजवायची नाही, शिट्टी नाही, काही नाही, मला ऐकायचंय.

आणि आली ओळ. सो-यॉन बाजूला झाली, मी मागून पुढे आले, आणि ताई, त्या क्षणाला हवाबिवा सगळं विसरले. पोटातून काढला आवाज. सो-यॉन दचकली हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. ओळ संपली, मराठी मंडळी दम दिल्याप्रमाणे चिडीचूप, आणि मला परत वळून मागे माझ्या जागेवर जायचं होतं, तर समोर काय दिसलं? पप्पा उठून स्टेजकडे चालत येऊन राहिले आणि त्यांच्या हातात दहा डॉलरची नोट.

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्याकडे गाण्याच्या कार्यक्रमात कोणाला ओळ आवडली की तो उठतो, स्टेजपाशी जातो आणि गायकाला नोट देतो. गायक ती कपाळाला लावतो आणि माईकवर देणाऱ्याचं नाव पुकारतो. हा मान असतो, आणि तो मुख्य गायकाला असतो, कोरसवाल्याला कोणी देत नाही. पप्पांना गाणं आवडलं म्हणजे त्यांना दुसरं काही सुचलंच नाही, गाणं कोरियन असो की आणखी कुठलं. सिक्युरिटीवाल्याने त्यांना धरलं, अंकल, कॅनॉट लाह, सीटवर बसा, आणि पप्पा त्याला समजावून सांगून राहिले, आय ॲम ओन्ली गिव्हिंग प्राइझ.

आमच्या कंपनीत नाचताना रांग मोडणं म्हणजे पाप. ताप असो, पाय मुरगळलेला असो, जागा सोडायची नाही. आणि प्रेक्षकाकडून पैसे घेणं म्हणजे तर महापाप. मला सगळं माहीत होतं. पण पप्पांचा हात तसाच वर होता ना. मी गेले. स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसले, नोट घेतली, कपाळाला लावली, आणि माईक चालूच होता, मी म्हणून गेले, सेंगकांगचे वामनराव रामटेके यांच्याकडून दहा डॉलर, सप्रेम भेट!

मग जो काही कल्ला झाला, विचारू नका. आमचे नागपूरवाले उभे राहिले, शिट्ट्या काय, टाळ्या काय, पुण्याच्या काकूंनी पण पदर खोचला. मागच्या पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनीही किंचाळायला सुरुवात केली. माझी जागा रिकामी म्हणून दोघी एकमेकींवर आपटल्या, आणि कानाच्या ऑपरेशनवाले काका पाच डॉलर घेऊन रांगेत उभे.

शो संपल्यावर मॅनेजर मला घेऊन बाहेर आला, नियमाप्रमाणे नोट परत करायची. तो पप्पांसमोर वाकला, दोन्ही हातांनी नोट पुढे केली. पप्पा म्हणाले दिलेलं बक्षीस परत घेत नाहीत, आणि तेही वाकले. तो आणखी खाली वाकला, पप्पा आणखी खाली. दोघंही कोणी वर येईना. शेवटी आईने ती नोट उचलली, मॅनेजरच्या खिशात कोंबली आणि त्याला म्हणाली, घे बाबू, तू पण लेकरासारखाच आहेस, आणि मसाला आवडला का ते सांग. मसाला हा शब्द त्याला बरोबर कळला, लाल झाला आणि परत वाकला.

मला ओरडा बसायचा तो बसला. ओळ परत काही मिळाली नाही, आणि पुढे ग्रुपच बंद पडला. कोणाचं भांडण नाही, काही नाही, नवीन पोरी येतात, जुन्या घरी जातात. सो-यॉनने आता नखं रंगवायचं दुकान टाकलंय, माझ्याशी बोलते फोनवर.

मी आता इथेच आमच्या ब्लॉकजवळच्या हॉलमध्ये नाच शिकवते. सकाळी आज्या, दुपारी शाळेतली पोट्टी. पोट्टी म्हणतात टीचर सो स्ट्रिक्ट लाह, आणि आज्यांचे गुडघे दुखतात, पण त्या येतात, आणि त्यांना ओ ओ म्हणायला फार आवडतं. डिप्लोमा राहिला तो राहिला, पप्पांनी पण नंतर विषय काढला नाही. मला वाईट वाटत नाही असं नाही, कधीकधी वाटतं, आणखी थोडं राहायला मिळालं असतं तर. पण चाललंय बरं, सगळ्यांचं चांगलं होवो.

परवा लिफ्टमध्ये एक नवीन कुटुंब भेटलं, मुंबईचं. त्यांनी विचारलं मुलगी काय करते, तर पप्पा म्हणाले, कोरियात मेन सिंगर होती. मी फ्लॅटमध्ये आल्याबरोबर भांडले, म्हटलं पप्पा, आईचं समजू शकते, तुम्ही पण खोटं बोलायला लागले? एकच तर ओळ होती माझी, तीही एकाच दुपारी. पप्पा चपला काढून राहिले होते, खाली मान घालूनच म्हणाले, माझ्या बापाला तेवढीही नाही भेटली.