तिम्मप्पय्यांचा खोकला

माझा जन्म निपाणीजवळच्या खेड्यातला. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर कानडी, अशी आमच्याकडची रीत, त्यामुळे दोन्ही भाषा आल्या आणि दोन्ही कच्च्या राहिल्या. वडील लवकर गेले. चुलते बेंगळूरला पालिकेत माळी होते, त्यांनी बोलावून घेतलं. मल्लेश्वरमच्या उद्यानात काही वर्षं त्यांच्या हाताखाली झाडांना पाणी घातलं, आणि मग साहेबांनी मला रेडिओची खोली दिली. गणपतराव, तुम्ही कमी बोलता, हे काम तुम्हालाच जमेल, असं साहेब म्हणाले. मी सरी म्हणालो.

तुम्ही तो काळ पाहिलेला नाही, म्हणून सांगावं लागतं. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. उद्यानाच्या मध्यावर एक लहान गोल खोली, आत यंत्र, वर चार दिशांना चार कर्णे. संध्याकाळी कुलूप काढायचं, यंत्र तापून बोलू लागेपर्यंत थांबायचं, कार्यक्रम संपला की बंद करून कुलूप लावायचं. लोक दगडी बाकांवर, गवतावर, कट्ट्यावर बसून ऐकायचे. गाण्यांच्या वेळी बोलणं चालायचं, शेतीच्या कार्यक्रमाला तर भांडणंही चालायची. पण कर्ण्यांतून वार्तेगळु, ओदुत्तिरुववरु तिम्मप्पय्या, म्हणजे बातम्या, वाचणारे तिम्मप्पय्या, एवढं आलं की सगळं उद्यान गप्प व्हायचं. फाटकापाशी भाजी विकणारी गौरम्मा तराजू खाली ठेवायची. समोरचा शिंपी मशीन थांबवायचा. मुली घरी परतायच्या त्या याच आवाजावर. चीनशी लढाई झाली तेव्हा उद्यानात पाय ठेवायला जागा नसे, आणि तो माणूस वाईट बातमी अशी वाचायचा की माणसं रडत नसत, उठून घरी जात आणि दिवा लावत.

त्यांना खोकला होता. थंडीच्या दिवसांत बातमीच्या मध्येच यायचा. मग ते म्हणायचे, क्षमिसि. क्षमा करा. आणि उद्यानात बसलेला कोणीतरी आपसूक म्हणायचा, परवागिल्ला. काही हरकत नाही. पुढे पुढे सगळेच म्हणू लागले. चार कर्ण्यांतून एक क्षमिसि आणि खालून शंभर माणसांचं परवागिल्ला. त्यांना ते ऐकू जाणार नव्हतं, हे सर्वांना माहीत होतं. तरी कोणी चुकवत नसे.

आता घरचं सांगतो. सगळा कानडी मुलूख जोडून राज्य एक झालं, त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. यमुना कोल्हापूरकडची, तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. आमची खोली उद्यानाच्या भिंतीला लागून होती. दिवसभर ती एकटी, शेजारणींशी बोलायची सोय नाही. मी तिला म्हणालो, खिडकी उघडी ठेव आणि ऐक. तिने ऐकलं. तिची सगळी कानडी तिम्मप्पय्यांकडून आली, आणि त्यामुळे ती बाजारात बातम्यांसारखी बोलायची. गौरम्मापुढे उभी राहून म्हणायची, वांग्यांच्या दरात वाढ झाली असल्याचे तिळिदु बंदिदे. समजते, असं. गौरम्मा हसून हसून टोपलीवर पडायची. अक्का, वांगी काय दिल्लीहून आली काय, मंत्री स्वतः घेऊन आले काय, असं विचारायची. यमुना चिडत नसे. घरीही तेच. मला उशीर झाला की भिंतीकडे पाहून सांगायची, यजमान अद्याप परतलेले नाहीत, अधिक तपशिलाची प्रतीक्षा आहे. मी हसत नसे. माझा स्वभाव नाही. पण उशीर मात्र मुद्दाम करायचो.

लग्नाला सहा वर्षंही झाली नव्हती, तोच ती गेली. ताप होता. मूल नव्हतं. त्याविषयी एवढंच.

नंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणूस गेलं की त्याची बोलण्याची चाल प्रथम जाते. चेहरा राहतो, चाल राहत नाही. यमुनेची चाल मात्र रोज संध्याकाळी चार कर्ण्यांतून येत होती. वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरणं, नावाआधी क्षणभर थांबणं, हे तिने ज्यांच्याकडून उचललं होतं, ते अजून बोलत होते. मी खोलीच्या दारात स्टुलावर बसून ऐकायचो. लोकांना वाटायचं, मी यंत्राकडे लक्ष ठेवतो आहे.

आता वकीलसाहेब. निवृत्त झालेले, मोठं घर, घरी स्वतःचा रेडिओ. तरी रोज उद्यानात यायचे, कारण घरी त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. पहिलं बाक त्यांचं. बातम्या संपल्या की उठून उभे राहायचे आणि त्या बातम्यांचा अर्थ सर्वांना समजावून सांगायचे. लोक सभ्य होते, बसून राहायचे.

एकदा आमच्या भागात वाचनालयाची नवी इमारत उघडली, आणि समारंभाचे अध्यक्ष वकीलसाहेब होते. ही बातमी संध्याकाळी रेडिओवर येणार, असं त्यांना आधीच कळलं होतं. ते घरोघरी सांगत फिरले. मलाही म्हणाले, गणपतराव, आज आवाज स्वल्प मोठा ठेवा. ठेवला. पत्नी, सुना, व्याही, सगळ्यांना आणून पहिल्या बाकांवर बसवलं होतं. बातमी आली. वाचनालयाचं नाव आलं, मंत्र्यांचं आलं, आणि तिम्मप्पय्या म्हणाले, अध्यक्षस्थानी होते, आणि नेहमीप्रमाणे क्षणभर थांबले, आणि त्या थांबण्यात खोकला आला. मोठा खोकला. मग क्षमिसि, आणि थेट पुढची बातमी, पावसाची.

उद्यान म्हणालं, परवागिल्ला.

त्यानंतर जे हसू फुटलं ते मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. गौरम्मा डोळ्याला पदर लावून म्हणाली, अय्यो, वकीलसाहेबांना पावसानं धुऊन नेलं. त्यांच्या व्याह्यांनीही रुमाल तोंडाला लावला. मी स्वतः हसलो नाही, हे तुम्ही लिहा. एक साधा अपघात होता. दुसरा कोणी असता तर स्वतःच परवागिल्ला म्हणाला असता आणि गोष्ट तिथे मिटली असती.

त्यांनी मिटवली नाही. त्यांचे जावई वरपर्यंत ओळखी असलेले गृहस्थ होते. चार आठवड्यांनी वकीलसाहेब बाकावरून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, त्या म्हाताऱ्याचा घसा गेला आहे, लोकांचे कान आपण किती दिवस विटाळायचे, मी सांगितलं आहे जावयांना, उद्यापासून नवा माणूस येईल. दुसऱ्या दिवशी खरोखर नवा माणूस आला. आवाज स्वच्छ, दाढी करून आल्यासारखा. कुठे थांबणं नाही, कुठे उतरणं नाही. मी आवाज ऐकत राहिलो आणि ध्यानात आलं की यमुना आता दुसऱ्यांदा गेली. पहिल्या वेळी दोष देण्यासारखं कोणी नव्हतं. या वेळी तो माणूस माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसला होता आणि समाधानाने मान हलवत होता.

काय सांगू तुम्हाला, त्या दिवसापासून मी एकच विचार केला.

पुढच्या हिवाळ्यात एक उंच, वाकलेला माणूस उद्यानात येऊ लागला. काळा कोट, गळ्याला मफलर. सर्वांत मागे, शिरीषाच्या झाडाखाली बसायचा, बातम्या ऐकायचा आणि निघून जायचा. कोणी ओळखलं नाही. कसं ओळखणार, चेहरा कोणी पाहिलाच नव्हता. एका संध्याकाळी नव्या माणसाचं वाचन चालू असताना मागून खोकला आला आणि पाठोपाठ हळूच शब्द आला, क्षमिसि.

सगळं उद्यान एकदम मागे वळलं. कर्ण्यांतून बातम्या चालूच होत्या, पण एकही माणूस त्या ऐकत नव्हता. आणि मग सगळे म्हणाले, परवागिल्ला. ते उभे राहिले. गोंधळले होते. हे उत्तर इथे रोज दिलं जायचं, हे त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. गौरम्मा पुढे झाली आणि म्हणाली, अण्णा, वांग्यांचे दर खरंच वाढले, तुम्ही गेलात तेव्हापासून. ते हसले. मी स्टुलावरून उठलो नाही. उठलो असतो तर बोलावं लागलं असतं.

त्याच वर्षी, उन्हाळा लागला तेव्हा ते गेले. रेडिओवर बातमी आली नाही. तो स्वच्छ आवाज सगळं वाचून गेला, धरणाची पातळी वाचली, धान्याचे भाव वाचले, ज्याच्या खुर्चीवर बसून वाचत होता त्याचं नाव घेतलं नाही. आम्हाला कळलं ते गौरम्माकडून. त्या संध्याकाळपासून ती त्यांच्या गल्लीतही भाजी द्यायला जायची.

उद्यानात शोकसभा ठरली. आणि अध्यक्ष कोण, तर वकीलसाहेब. स्वतःच ठरवलं, स्वतःच जाहीर केलं. हार आणला, तसबीर आणवली. माईक रेडिओच्याच कर्ण्यांना जोडायचा होता, म्हणून ते काम माझ्याकडे. मला म्हणाले, गणपतराव, सुरुवात तुम्ही करा, फक्त अध्यक्षांचं नाव जाहीर करा, पदवीसकट, आणि स्वल्प मोठ्याने. मी सरी म्हणालो.

हे मी ठरवून केलं. भरात झालं, भावना अनावर झाल्या, असं काही लिहू नका. संपूर्ण उद्यान भरलं होतं. वकीलसाहेब हात जोडून, मान झुकवून उभे राहिले. मी माईकपुढे गेलो आणि कानडीत म्हणालो, आजच्या सभेच्या अध्यक्षस्थानी आहेत. मग तिम्मप्पय्या थांबायचे तेवढाच थांबलो. आणि खोकलो. मोठ्याने, चारी कर्ण्यांतून. मग म्हणालो, क्षमिसि.

 फाटकाजवळून गौरम्माचा एकटीचा आवाज आला, परवागिल्ला. मग सगळ्यांचा. कोणी हसलं नाही, त्या दिवशी कोणी हसलं नाही, आणि तेच त्यांना लागलं. मी जागेवर जाऊन बसलो. वकीलसाहेब नावाची वाट पाहत तसेच उभे राहिले. शेवटी स्वतःच बोलायला लागले. दिवंगत आत्मा, म्हणाले, आणि शिंपी खोकला. परवागिल्ला. अपरिमित हानी, म्हणाले, आणि कोणी दुसरा खोकला. परवागिल्ला. तिसरं वाक्य त्यांनी केलं नाही. हार तसबिरीला घातला आणि निघून गेले. पुन्हा त्या बाकावर बसले नाहीत.

माझी तक्रार झाली. रेडिओची खोली गेली, मला पाण्याच्या टाकीवर पाठवलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो. पश्चात्ताप नाही. यमुनेची चाल परत मिळाली नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी केलंही नव्हतं.

पुढे वकीलसाहेबही गेले. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथे खोकलो नाही. घरच्या माणसांचा काय दोष.

आता त्या गोल खोलीत माळ्यांची अवजारं ठेवतात. गौरम्मा नाही, शिंपी नाही. मी संध्याकाळी जाऊन बसतो, मुलं खेळतात, खेळू द्यावीत, सुखी असावीत. छातीत कफ आहे, डॉक्टर म्हणतात वयाचा आहे.

तुम्ही मघापासून वकीलसाहेबांचं नाव विचारता आहात. नाव मला पाठ आहे, पदवीसकट. लिहून घ्या. अध्यक्षस्थानी होते…

क्षमिसि. खोकला आला.

परवागिल्ला म्हणा, आणि पुढे चला.