देवकाबायचं गोणपाट

मंडळी, ऐका! पंखे जरा बाजूला ठेवा. पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा तर घ्या, पण कान इकडे द्या.

आजच्या कीर्तनातला प्रश्न अगदी साधा आहे. माणसाचा जीव भाजत असेल — खरोखर भाजत असेल, डोळ्यापुढे अंधारी येत असेल — तर गारवा कुणाच्या हातून घ्यावा?

"कुणाच्याही!" लगेच बोललात! वा! उत्तर द्यायला कष्ट पडत नाहीत ना! थांबा. गोष्ट संपली की मी हाच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. तेव्हा बघू कोण बोलतं ते.

तर, वेळणं बंदर. तिथली देवकाबाय चोगले. कोळीण! मासळी विकते.

पुढच्या रांगेत दोघांनी नाक चोळलं — मी पाहिलं! देवळात मासळीचं नाव घेतलं म्हणून? अहो, समुद्र कुणी केला? देवानं. त्यात मासा कुणी सोडला? देवानंच! देवाला वास आला नाही, तुम्हाला आला!

देवकाबाय तीस वर्षं पहाटे लिलावात मासळी घेते आणि दुपारपर्यंत विकते. चैत्रातल्या उन्हात सुरमई ताजी ठेवायची, गंमत नाही. मला ती मासे साफ करता करता सांगत होती, "म्हाराज, लोक बर्फ माशाच्या पाठीवर टाकतान. पाठीला काय व्हतंय? मासा नासतो कल्ल्यातून. बर्फ पयला कल्ल्यात भरायचा, मंग पोटाला. आन वरून वलं गोणपाट. गोणपाट सुकलं का मासा मेला."

मी म्हटलं, "बाई, मासा आधीच मेलेला असतो."

"तुमाला नाय कलायचं," म्हणाली. बरोबर होतं तिचं. मला नाही कळलं. नंतर कळलं!

तिची एकुलती एक मुलगी, भाविका. पनवेलला दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करते. हुशार, काटक. तिथे सायकलवाल्यांचा एक क्लब आहे, त्यात गेली आणि तिला नाद लागला ट्रायथलॉनचा.

ट्रायथलॉन म्हणजे काय? तर एका दिवसात एका माणसानं आधी दोन किलोमीटर समुद्रात पोहायचं. बाहेर आलं की ओल्या अंगानं सायकलवर — नव्वद किलोमीटर! सायकल टेकवली की बूट घालायचे आणि एकवीस किलोमीटर पळायचं! मागे कुत्रं लागलंय का? नाही! घराला आग लागलीय का? नाही! हौस! हसू नका. तुम्ही इथे तीन तास मांडी घालून बसता, ती पण हौसच. तुमची पाय बधिर करायची, त्यांची पाय तुटेपर्यंत पळायची!

आणि ही स्पर्धा कुठे? वेळणं बंदरावरच! भाविकाच्या गावात. महिना चैत्राचा. आता घाटावरचं ऊन कोरडं असतं, चटका देतं आणि सोडतं. आपलं कोकणातलं ऊन? झाकण ठेवून उकडतं! घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग गार होणार कसं? आत भट्टी पेटलेली, वर झाकण!

गेल्याच्या गेल्या वर्षी भाविका यात उतरली होती. पोहली, सायकल मारली, पळायला लागली — आणि चौदाव्या किलोमीटरला कोसळली! शुद्ध नाही. अँब्युलन्समध्ये घातली. देवकाबाय बाजारातून धावत आली, तर मुलगी फळीवर आडवी, डोळे अर्धवट उघडे. डॉक्टर म्हणाले, "अजून अर्धा तास उशीर झाला असता, तर आमच्या हातात काही नव्हतं."

पोरगी बरी झाली. आणि काय म्हणाली? "पुढच्या वर्षी पूर्ण करणार!"

आता तुम्ही आई असता तर? दार लावून कडी घातली असती! देवकाबाय काय म्हणाली? "जा. पन मी रस्त्यावं उबी ऱ्हानार."

पण नियम आडवा आला. घरच्या माणसानं, ओळखीच्यानं पळणाऱ्याला पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही! दिला तर स्पर्धेतून बाद. जे घ्यायचं ते संयोजकांच्या टेबलावरून, आणि टेबलावर जे असेल ते सगळ्यांना सारखं. क्लबचे पुढारी कौस्तुभ सर. त्यांनी भाविकाला बजावलं, "तुझ्या घरच्यांना समजावून ठेव हं. ती माणसं भावनेच्या भरात काहीतरी देतील आणि तुझं वर्ष वाया जाईल."

ती माणसं!

देवकाबाय सरळ संयोजकांच्या ऑफिसात गेली. "मला टेबलावं उबी करा. पानी देते. बर्फ माजा."

तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, सगळ्यांना द्यावं लागेल. फक्त तुमच्या मुलीला नाही."

"मी गिऱ्हाइकात भेद करते व्हय रं? तीस वर्सं झाली!"

झालं! पळायचा रस्ता सात-सात किलोमीटरच्या तीन फेऱ्यांचा, वाटेत ठिकठिकाणी पाण्याची टेबलं. प्रत्येक फेरी जिथे संपते, तिथे देवकाबायचं टेबल. तिसऱ्या फेरीनंतर तिथूनच उजवीकडे वळलं की शेवटची कमान. दुपारी तीनच्या आत कमानीखालून गेलं तर स्पर्धा पूर्ण. तीन वाजून एक मिनिट? घरी जा!

टेबलामागे तिचा मासळीचा खोका, त्यात बर्फाची अख्खी लादी फोडून भरलेली, वर गोणपाट. धुतलेलं होतं, बरं का! पण गोणपाट धुतलं म्हणून वास जातो? तीस वर्षांचा धंदा आहे तो!

सकाळी साडेसहाला पोहणं सुरू झालं. साडेअकराच्या आत भाविका सायकलवरून उतरली. पांढऱ्या बाह्या, पांढरी टोपी, सगळं नवीन, थंडावा देणारं म्हणे. अहो, जिथे घामच वाळत नाही तिथे बाह्या काय करणार?

पहिली फेरी संपली. क्लबची सगळी मंडळी एकत्र आली, पुढे कौस्तुभ सर. देवकाबायनं ओंजळभर बर्फ पुढे केला. "घ्या बाला, मानंला लावा, खांकंत धरा!"

कौस्तुभ सरांनी नाक दाबलं. "ई! हा मासळीचा बर्फ आहे! अरे, कुणी ठेवला इथे? लावू नका कुणी, दिवसभर वास मारेल!"

आणि भाविका? शेजारीच उभी. आई समोर, हातातून बर्फाचं पाणी ठिबकतंय. एक शब्द बोलली असती, "सर, ही माझी आई आहे." एकच! तीन-चार श्वासांचं काम!

नाही बोलली. शेजारच्या टेबलावरून साध्या पाण्याचा पेला घेतला, डोक्यावर ओतला, आणि गेली.

मंडळी, आता तुम्ही तिच्यावर चिडलात. चिडा! पण जरा आठवून बघा, तुमच्या आईचं बोलणं, बापाचे मळके हात, चार मोठ्या लोकांत तुम्ही कधी लपवले होते? आठवलं? मग गप्प बसा आणि पुढे ऐका.

देवकाबायनं हातातला बर्फ मागून येणाऱ्याच्या मानेवर ठेवला. तो म्हणाला, "आहाहा! मावशी, देव भलं करो!" पुढचा तासभर तिच्यापुढे रांग! ज्यांचं अंग भाजत होतं त्यांना वास येत नव्हता. संयोजकांचा बर्फ बारालाच संपला. देवकाबायचाही खोका तळाला लागला.

टेबलावर मदतीला कॉलेजातली एक मुलगी होती. ती म्हणाली, "मावशी, तुमची मुलगी अजून यायचीये. थोडा बाजूला काढा ना."

एक मोठी ओंजळ उरली होती. देवकाबायनं त्यावर गोणपाट ओढलं. आई आहे हो!

आणि तेवढ्यात कोण आलं? कौस्तुभ सर! पहिल्या फेरीनंतर आपली वेळ गाठायला एकटे पुढे गेले होते. आता चालतायत वाकडे. टेबलाला धरलं आणि म्हणतात, "थंडी वाजतेय." एवढ्या उन्हात! अंगावर काटा. घाम बंद! कोरडं खडखडीत कपाळ!

देवकाबायनं एकदाच बघितलं. बाजारात ती मासा बघते तसं. म्हणाली, "बसवा याला. सावलीत!" आणि गोणपाट उचललं.

कॉलेजातली मुलगी ओरडली, "मावशी! तो तुमच्या मुलीचा बर्फ! ती येईलच आता!"

"म्होरं मासा नासतोय आन मी उंद्याच्या पाटीला बर्फ ठेवू?"

आणि शेवटची ओंजळ कौस्तुभ सरांच्या मानेखाली, दोन्ही काखांत, जांघेत — मला नव्हतं कळलं ना, ते हे! कल्ल्यात आधी! डॉक्टर येईपर्यंत तिनं त्यांना धरून ठेवलं. सर पुटपुटले, "वास..." देवकाबाय म्हणाली, "येतोय ना? मंजी जित्ता हायस!"

सरांना उचलून नेलं. वाचले, काळजी करू नका.

आणि पावणेदोनला भाविका आली.

मंडळी, आता हसायचं नाही. पोरगी लाल झालेली, ओठ पांढरे. पाय टाकते इकडे, पडतो तिकडे. गेल्या वेळी चौदाव्या किलोमीटरला पडली होती, आणि हा चौदावाच किलोमीटर! सात अजून बाकी, सव्वा तास हातात. तिलाही समजलं होतं, तेच होतंय, पुन्हा तेच होतंय. टेबलाशी आली. लोकांसमोर आईला "आई" म्हणायची ती, शहरातल्यासारखं. घरातली हाक वेगळी.

"आये," म्हणाली. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. "आये, बर्फ दे."

देवकाबायनं खोक्यात हात घातला. नुसतं पाणी! मळकट, गार पाणी.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "संपला."

सांगा मला, काय वाटलं असेल त्या बाईला? स्वतःच्या हातानं दिला होता! आणि मुलीनं विचारलंही नाही कुणाला दिला म्हणून. खाली बसायला लागली.

"बसू नको! बसलीस तर उठनार नाय!" देवकाबायनं गोणपाट खोक्यातल्या त्या गार पाण्यात बुडवलं — पिळलं नाही! — आणि ठिबकतं गोणपाट मुलीच्या डोक्यावरून, मानेवरून, पाठीवरून पांघरलं. भाविकाच्या तोंडून असा आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा!

"आयक. प्रत्येक टेबलाशी परत भिजव. अंगावं सुकू देऊ नको. गोणपाट सुकलं का—"

"—मासा मेला," भाविका म्हणाली. लहानपणापासून ऐकलेलं! आणि मायलेकी दोघी हसल्या. मरणाच्या दारात हसल्या!

मोटारसायकलवरून पंच आला. "हे काय? घरची मदत चालत नाही!"

"टेबलावरचं हाय," देवकाबाय म्हणाली. "समद्यांना सारकं. तुला देऊ? लय तापलास!"

पंचानं गोणपाटाकडे बघितलं, वास घेतला, आणि गाडी पुढे नेली.

निघाली भाविका! खांद्यावर गोणपाट, त्यावर खवले चिकटलेले, उन्हात चमकतायत! हॉटेलांच्या बाल्कन्यांतून लोक बघतायत, नाकाला रुमाल. बघू देत! चार पावलं पळते, दोन चालते. प्रत्येक टेबलाशी गोणपाट बादलीत बुडवते, पुन्हा पांघरते. मासळीबाजारापाशी आली, तर तिथल्या बायकांनी आधी गोणपाट ओळखलं, मग पोरगी! "आगो, देवकाबायचं गोणपाट पलतंय!" पाट्या टाकून सगळ्या रस्त्यावर! हात कुणी लावला नाही, पाणी कुणी दिलं नाही. नियम पाळला! नुसत्या ओरडल्या. अशा ओरडल्या की लिलावात सुद्धा कधी ओरडल्या नसतील!

अडीच वाजले. पावणेतीन. देवकाबाय टेबलाशी उभी, रिकामा खोका पुढ्यात. पेला उचलते, ठेवते. रस्त्याकडे बघवत नाही आणि मान वळत नाही.

मास्तर, पेटी थांबवा. इथे सूर नको.

दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी वळणावर ते गोणपाट दिसलं!

आईच्या टेबलावरून गेली, उजवीकडे वळली. दोन सत्तावन्नला कमानीखाली पोचली! गळ्यात पदक पडलं. फोटोवाला धावला, "मॅडम, ते पोतं काढा ना, पदक दिसत नाही!"

भाविका म्हणाली, "पोतं दिसलं पाहिजे. पदक नाही दिसलं तरी चालेल. आणि ती बाई आहे ना टेबलाशी? ती माझी आई. आधी तिचा फोटो काढा."

अडीच तासांपूर्वी जे बोलायचं राहिलं होतं, ते बोलली. मोठ्यानं!

देवकाबाय आली. मिठी? रडणं? तिनं मुलीच्या मानेला हात लावून बघितला. गार आहे का. मासा बघतात तसा. आणि म्हणाली, "गोणपाट दे इकडं. उंद्या लिलाव हाय!"

संपली गोष्ट. म्हणजे, तिची संपली. आता तुमची.

आज सकाळपासून तुम्ही सगळे कोकम सरबत पिताय. काही जणांनी तर चार-चार पेले लावलेत, मी इथून मोजलेत! गार होतं ना? त्या पिंपाभोवती बर्फ कुणी रचला? पहाटे कारखान्यातून डोक्यावर लादी कुणी आणली? गावातल्या कोळणींनी! सरबत तुमच्या पोटात, आणि त्या कुठे आहेत?

मान वळवा. वळवा मागे! त्या बघा, मांडवाच्या बाहेर, उन्हात, तुमच्या चपलांच्या ढिगाशेजारी बसल्यात. डोक्यावर पदर, शेजारी पाटी. त्यांना कुणी "बाहेर बसा" म्हटलं नाही. तुम्ही एवढे वाईट नाही, मला माहीत आहे. पण "आत या" तरी कोण म्हणालं?

मघाचाच प्रश्न पुन्हा विचारतो. गारवा कुणाच्या हातून घ्यावा?

आता कुणी बोलत नाही! बरं. बोलू नका. सरका! ही पुढची सतरंजी मोकळी करा. अध्यक्षसाहेब, तुम्हीही, अर्धा हात. तुम्ही सरकल्याशिवाय आरती नाही, मी इथून हलत नाही, मला घाई नाही!

हां... अजून थोडं. झालं.

या ग बायांनो, आत या. सावलीत बसा. नको, त्या पाट्या बाहेर नका ठेवू — पाट्यांसकट या!