सुरेशसाठी केलेली काठी

आम्ही मूळचे कणकवलीकडचे, पण मी वाढलो मुलुंडला आणि तिथंच एका वर्कशॉपात लोखंड कातायच्या लेथवर लागलो, म्हणजे लोखंडाचा माणूस, लाकडाचं मला काय कळणार सांगा. पण रंगीत टीव्ही नुकते आले होते त्या सुमाराला माझा मेव्हणा सुरेश क्लबात पूल खेळायला लागला, तो टेबलावर काठीनं बॉल ढकलून भोकात घालायचा खेळ, आणि झकास खेळायचा हो. क्लबातल्या काठ्या झिजलेल्या, तर मीच म्हटलं, सुरेश, तुला काठी मी करून देतो, एकदम सरळ. कोणी सांगितलं होतं मला? हौस, दुसरं काय.

वखारीतनं साग आणला आणि लोखंड कातावं तसा एका बैठकीत कातून मोकळा झालो, काठी सरळ झाली का ते फरशीवर लोळवून बघितलं, तर जराही लंगडली नाय. मग आला दसरा. आमच्याकडे हत्यारं ओल्या फडक्यानं पुसून पूजेला मांडतात, मी पान्यांबरोबर ती पण पुसली, हार घातला, भिंतीला टेकवून ठेवली, आणि पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाय हा आईचा नेम. दुसऱ्या दिवशी सुरेशची मॅच, जिंकला असता तर क्लबकडून बाहेरगावी खेळायला गेला असता. सकाळीच येऊन तो काठी घेऊन गेला, मी परत बघितली पण नाय.

मॅच बघायला मी पण गेलो, आणि काय सांगू तुम्हाला, समोरच्या खेळाडूनं सगळ्यांदेखत ती टेबलावर लोळवली आणि ती लंगडत चालली, ओल लागून रात्रीतनं वाकली होती. पोरं हसली, काका, हे केळं कुठनं आणलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुरेशला म्हटलं, अरे क्लबाची घे, वाट लागेल, तर म्हणतो, नाय भावजी, तुम्ही केलीय ना, हीच. आणि हरला. पुन्हा टेबलाकडे गेलाच नाय तो.

मग शिकलो मी, लाजेपोटी शिकलो. थोडं कातायचं, टांगून ठेवायचं, लाकडाला वाकायचं असेल तर वाकू द्यायचं, मग परत थोडं. वाकलेल्या काठ्या कपडे वाळत घालायला. बायको म्हणायची, माझ्या भावाचा खेळ गेला, आता घर काठ्यांनी भरा.

शेवटी एक सरळ राहिली, ती घेऊन सुरेशकडे चारकोपला गेलो, म्हटलं, लोळवून बघ. तो म्हणाला, राहू दे भावजी. मी म्हटलं, नाय, बघच, त्या वेळी तू बघितली नाय म्हणून तर सगळं झालं. तर खाली मान घालून म्हणाला, बघितली होती भावजी, क्लबात पोचल्या पोचल्या, कोणी यायच्या आधी.

आता लोक माझ्या काठ्या नावाजतात, पण मला लाजच वाटते. सुरेशच्या तोंडाकडे अजून बघवत नाय. देव त्याला सुखात ठेवो, एवढंच म्हणतो मी, तेही मनातल्या मनात.