लायसनच्या खिडकीवर रांग

"हॅलो? … कोण, मनू व्हय? अगं, तुलाच लावणार हुते फोन! … न्हाई, तू थांब, आधी माझं ऐक. आमच्या राजनंदिनीला लायसन मिळालं! … व्हय गं! आत्ता सांगलीहून घिऊन आली!"

भामाबाईंना एका जागी बसवत नव्हतं. कवठे महांकाळच्या घरापुढं सून राजनंदिनी टँकरची काच पुसत होती, आणि दहिवडीहून धाकट्या बहिणीचा फोन आला होता.

"साधं न्हाई गं, मोठ्या गाडीचं. टँकरचं. … हुतं की आधी! बाळंतपणात ते नवं करायची तारीख हुकली तिची. त्यात सरकारनं उशिराचा दंड वाढवला. दिसागणिक चढायचा बघ, तापावानी. पोरगी म्हणाली, 'आत्या, एवढा भरण्यापरास घरीच बसते.' बसली. टँकर दारात, आन तिकडं जतच्या वस्त्यांवर बायका घागरी घिऊन वाट बघत्यात…

"अगं तेच सांगतीय की! सांगलीत सुनावणी लागली. दंड आणिक वाढवला तर तिजोरी किती भरंल, ते बघायला समिती आलती. हॉलभर डायवर. मी बी गेलते, नात मांडीवर घिऊन. … कोण बोलतंय! समदे गडी खाली माना घालून. … का म्हंजे? निम्मे बिगर लायसनचे गाड्या हाकत हुते. उठायचं म्हंजे आपल्याच तोंडानं कबूल करायचं.

"मग आमची उठली. … व्हय, आपली राजनंदिनी! म्हणाली, 'साहेब, दंड वाढला, मी तो भरला नाही. मी लायसनला यायचीच बंद झाले. त्यामुळं माझी साधी फी पण बुडाली तुमची.'

"ऐक ना! एक साहेब म्हणाले, 'ताई, ही तुमची एकटीची गोष्ट झाली.' ही गर्रकन वळली आन समद्यांना म्हणाली, 'दंडाच्या भीतीनं कुणाकुणाचं लायसन राहिलंय, हात वर करा.' … शप्पत! … कुणी हलंना. म्हटलं, पोर एकटी पडली. मग पार मागं एका म्हाताऱ्यानं हात वर केला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग बघता बघता, मने, हॉलभर हात!

"आन लायसनच्या हापिसात हिशोब बघणाऱ्या शरयू मॅडम हायत, त्या उठल्या. म्हणाल्या, 'दंड वाढवल्यापासून जमा घटतेय, मी दोनदा कळवलं. आज ती का घटली ते समोर बसलंय.'

"कमी झाला, व्हय! उतरवला दंड. वर सवलतीची मुदत बी दिली. आन रांग बघायचीस तू! खिडकीपासनं पार रस्त्यापतूर. चावाल्याचं दूध संपलं दुपारीच. मॅडम हसून म्हणाल्या, वरीसभरात दंडापोटी आलं न्हाई तेवढं एका आठवड्यात आलं. कमी घिऊन जास्ती मिळालं, बघ! …

"मनू? … अगं, रडतीयास? … काय? तुझं मालक ट्रक विकत्यात? … आत्ता? गिऱ्हाईक दारात बसलंय? … तेंचं बी लायसन संपलंय? आन मला आज सांगतीयास! … लाज? कसली लाज? हॉलभर माणसांनी हात वर केलं, तवा कुणाला लाज वाटली न्हाई. दे फोन तेंच्याकडं. … दे म्हटलं की!"

भामाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"रामराम, गुंडा पाव्हणं. … ट्रक विकून काय करणार? … मुंबईला? वॉचमन? आवं, उभा जन्म चाक धरलेला माणूस तुमी, खुर्चीत बसून राहाल व्हय? … न्हाई, न्हाई, आता तेवढा दंड न्हाई. … सातारा असू दे न्हाईतर सांगली, नेम समद्यांना एकच. … हापिसात पकडत न्हाईत हो! बसा म्हणत्यात. … इसाराचं पैसं घेतलं का? … न्हाई ना? मग चा पाजा त्येला आन लावा वाटंला. … खोटं सांगतीय मी? थांबा. राजनंदिनी! ए राजनंदिनी! वाजव गं हॉर्न!"

टँकरच्या हॉर्ननं अख्खी गल्ली हादरली. पाळण्यातली नात दचकून रडायला लागली, आणि भामाबाई मात्र पोट धरून हसत होत्या.

"ऐकलं? … आता पटलं? … काय म्हणालासा? … विकत न्हाई? … परत म्हणा, मोठ्यांदा. … गेलं गिऱ्हाईक? चा न पिताच? जाऊ दे की! … मनू हसतीय व्हय? हसू दे, लय दिवसांनी हसली आसंल. … आता उद्या उजाडताच… हॅलो? … पाव्हणं, हा कसला आवाज? … ट्रक चालू केला? … आत्ताच निघाला? आवं बिगर लायसनचं कुटं निघालाय! उतरा! उतरा खाली! यष्टीनं जावा साताऱ्याला! … हॅलो? … हॅलो?"